दम जन्माचा की कमाईचा?

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात आठवीतल्या एका मुलाचं पत्र आलं. नाव छापू नका, अशी त्यानं विनंती केली आहे. तेव्हा आपण त्याला नुसतं 'मित्र' म्हणू या. पत्र छोटंसंच आहे:

"काका, मी शाळेच्या कबड्डीच्या संघात होतो. माझी पकड चांगली आहे, हे सगळे म्हणतात. पण मध्यंतरानंतर मला फार धाप लागते. परवा सर सगळ्यांसमोर म्हणाले, 'ह्याच्यात दमच नाही, ह्याला बसवा.' माझा चुलतभाऊ मोबाईलवर एमएमएच्या लढती बघतो. तो म्हणतो, दम हा जन्मतःच असावा लागतो, नंतर येत नाही. काका, हे खरं आहे का? खरं असेल तर मी उद्यापासून सरावाला जाणारच नाही."

आता बोला! प्रश्न साधा दिसतो, पण शेवटचं वाक्य वाचून मी पत्र दोनदा वाचलं. 'हो' म्हटलं तर एक मुलगा मैदान सोडणार. आणि त्याला बरं वाटावं म्हणून 'छे, छे, सगळं कष्टानं मिळतं' असं म्हटलं, तर ते शास्त्राला धरून होणार नाही. म्हणून आज जरा नीट बसून या दमाचा हिशेब मांडू. आणि चुलतभाऊ ज्या लढती बघतो ना, तिथूनच सुरुवात करू.

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. कुस्ती, बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, ज्युडो, जुजुत्सू असे सगळे प्रकार एकाच लढतीत! अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९९३ च्या नोव्हेंबरात यूएफसी या नावानं पहिली मोठी स्पर्धा झाली आणि तिथून हा खेळ जगभर पसरला. अष्टकोनी जाळीच्या आत दोघे लढतात. आज साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते आणि अजिंक्यपदाची पाच फेऱ्यांची. दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती फक्त एक मिनिट. यात डोक्याला मार बसतो, म्हणून हा खेळ मोठ्यांचा. तुम्ही घरात भावाबरोबर त्याची नक्कल करायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो! पण दम या विषयाचा अभ्यास करायला याच्याइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी नाही. कारण इथे दम संपला की तो लपवता येत नाही.

आता एक खरी गोष्ट ऐका.

१९९७ साली या स्पर्धेचा हेवीवेट विजेता होता मार्क कोलमन. अमेरिकेच्या ओहायो राज्यातला हा कुस्तीगीर. १९९१ च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत त्यानं रौप्यपदक मिळवलं होतं आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये तो सातवा आला होता. मान बैलासारखी, दंड खांबासारखे! समोरच्याला उचलायचं, आपटायचं, छातीवर बसायचं आणि लढत संपवायची, ही त्याची पद्धत. तोवर या खेळात सहा लढती लढून तो सहाही जिंकला होता, आणि त्यातल्या चार तर तीन मिनिटांच्या आत!

२७ जुलै १९९७ रोजी बर्मिंगहॅम, अलाबामा इथे त्याच्यासमोर उभा राहिला मॉरिस स्मिथ. हा किकबॉक्सर, वयानं ३५ वर्षांचा, कोलमनपेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि वजनानंही हलका. किकबॉक्सर माणूस एकदा जमिनीवर पडला की कुस्तीगिरापुढे काय टिकणार? बहुतेकांनी निकाल आधीच लावून टाकला होता.

आणि झालंही तसंच! कोलमननं त्याला लगेच खाली घेतलं. वरून ठोसे सुरू झाले. पण स्मिथ गडबडला नाही. तो खाली राहून पायांनी कोलमनला अडकवत होता, अंतर राखत होता, मार चुकवत होता आणि शांतपणे श्वास घेत होता. उगाच धडपडून त्यानं ताकद घालवली नाही. मिनिटं जात राहिली. मग तो उठून उभा राहिला. आणि समोर पाहतो तर काय? हा एवढा पहाडासारखा विजेता तोंड उघडं टाकून हापतोय, हात खाली लोंबतायत, पाय उचलत नाहीत! आता स्मिथनं त्याच्या मांड्यांवर लाथा मारायला सुरुवात केली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं आणि वर तीन-तीन मिनिटांच्या दोन जादा फेऱ्या, अशी ती लढत पूर्ण २१ मिनिटं चालली. पंचांनी एकमतानं स्मिथला विजयी ठरवलं.

म्हणजे ताकद कोलमनची जास्त, कुस्तीचं कसब कोलमनचं जास्त, वय कोलमनचं कमी. मग हरला कसा? आधीच्या विजयांकडे पुन्हा एकदा बघा. ज्याची लढत तीन मिनिटांत संपते, त्याला पंधराव्या मिनिटाला आपलं काय होईल हे कळणार तरी कसं? उपजत ताकदीची हीच गंमत असते, बरं का! ती आपल्या उणिवा झाकून ठेवते.

आता शरीराच्या आत काय झालं ते पाहू.

आपल्या स्नायूंना काम करायला ऊर्जा लागते आणि ती देणारी तीन दुकानं आहेत असं समजा. पहिलं दुकान स्नायूच्या अगदी दारातच आहे. तिथला माल लगेच मिळतो, पण जोरात काम केलं तर साधारण दहा सेकंदांत संपतो. उडी, झेप, अचानक पकड, ही सगळी त्याची कामं. दुसरं दुकान साखर वापरतं. त्याला ऑक्सिजनची वाट बघावी लागत नाही. पण एक-दोन मिनिटं ते जोरात चालवलं की स्नायूंत आम्लता वाढते आणि हातपाय जड होतात. तिसरं दुकान मात्र खरं मोठं आहे. तिथे साखर आणि चरबी ऑक्सिजनच्या साहाय्यानं जाळली जाते. माल सावकाश येतो, पण तासन् तास येत राहतो. शिवाय पहिल्या दोन दुकानांत पुन्हा माल भरण्याचं कामही याच दुकानाचं! तिन्ही दुकानं एकाच वेळी उघडी असतात, फक्त कुणावर किती भार पडतो ते बदलतं.

कोलमनचे स्नायू मोठे, म्हणजे त्यांची भूकही मोठी. त्यात समोरच्याला दाबून धरताना स्नायू सतत आवळलेले राहतात. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट शिरत नाही, म्हणजे ऑक्सिजनही पोहोचत नाही. (मूठ घट्ट आवळून एक मिनिट धरून ठेवा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल!) पहिली दोन दुकानं रिकामी झाली आणि तिसऱ्याकडून पुरवठा पुरेना. झाली की दमछाक!

इथे पुष्कळ जणांची एक चुकीची समजूत असते. धाप लागली की आपण म्हणतो, 'फुप्फुसं कमी पडली.' पण निरोगी माणसाची फुप्फुसं बहुधा कमी पडत नाहीत. ती रक्तात ऑक्सिजन जवळजवळ पुरता भरून देतात. खरी अडचण पुढे असते. हृदय एका ठोक्याला किती रक्त पुढे ढकलतं, त्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन किती आहे, आणि स्नायूंत ते पोहोचवणाऱ्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या किती आहेत, यावर दम ठरतो. कबड्डीत चढाई करताना आपण 'दम घेतो' ना, तो वेगळा. तो श्वासावरचा ताबा. आणि चाळीस मिनिटं टिकणारा दम वेगळा. तो मुख्यतः हृदयाचा आणि रक्ताचा खेळ.

आता चुलतभावाच्या बोलण्याकडे वळू. दम जन्मतः मिळतो का?

थोडा मिळतो. खोटं कशाला बोला? फिनलंडमध्ये एरो मेंटूरान्टा नावाचे एक बर्फावरून स्की धावणारे खेळाडू होऊन गेले. १९६०, १९६४ आणि १९६८ या तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून त्यांनी सात पदकं मिळवली, त्यातली तीन सुवर्ण. पुढे १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्यांची आणि त्यांच्या नातेवाइकांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या एका जनुकात जन्मतःच बदल असल्याचं आढळलं. त्यामुळे त्यांच्या शरीरात तांबड्या पेशी भरमसाट तयार होत. साधारण पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ ते १७ ग्रॅमच्या आसपास असतं. त्यांचं २० च्या पुढे! पण दुसरी बाजूही ऐका. तोच बदल त्यांच्या घराण्यातल्या इतर अनेकांमध्येही होता. ते सगळे काही ऑलिम्पिक विजेते झाले नाहीत. देणगी मिळालेली होती, पण बर्फात मैलोन् मैल धावणं एरोनांच करावं लागलं.

बरं, हे झालं लाखात एकाचं उदाहरण. तुमच्या-माझ्यासारख्यांचं काय? अमेरिका आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात एक मोठा अभ्यास केला. व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ माणसांना, आई-वडील आणि त्यांची मोठी मुलं अशा घरच्या घरं मिळून, वीस आठवडे सायकलच्या यंत्रावर सारखाच व्यायाम दिला. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते आधी आणि नंतर मोजलं. सरासरी वाढ झाली सुमारे ४०० मिलिलिटर. पण ही नुसती सरासरी! काही जणांची वाढ लिटरभराच्या पुढे गेली आणि काही जणांची जवळजवळ शून्य. शिवाय एकाच घरातल्या माणसांची वाढ बरीचशी एकसारखी निघाली. फरकाचा जवळजवळ निम्मा भाग घराण्याकडून आलेला असावा, असा त्यांनी हिशेब मांडला.

म्हणजे चुलतभाऊ जिंकला? थांबा, घाई करू नका!

२०१७ साली दुसरा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७८ निरोगी माणसांना आठवड्यातून एक ते पाच वेळा, असा वेगवेगळ्या प्रमाणात व्यायाम दिला. आठवड्यातून एकदाच करणाऱ्यांत फरक न पडलेले बरेच निघाले. चार-पाच वेळा करणाऱ्यांत एकही नाही! मग ज्यांना फरक पडला नव्हता, त्यांना आणखी सहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा जास्त व्यायाम दिला. आणि काय आश्चर्य! प्रत्येकाचा दम वाढला. म्हणजे कुणाला थोडक्यात गुण येतो, कुणाला जास्त मेहनत करावी लागते. हा फरक जन्माचा. पण 'याला काहीच येणार नाही' असं कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

ज्यांना भरपूर मिळालंय, त्यांनीही निर्धास्त राहू नये, याचीही एक गोष्ट आहे. केन व्हेलास्केझ हा असाच एक हेवीवेट विजेता. त्याचा दम इतका जबरदस्त की त्याला 'कार्डिओ केन' असंच नाव पडलं होतं. कार्डिओ म्हणजे हृदयाचा दमसास वाढवणारा व्यायाम. एवढ्या वजनाचा माणूस पाच-पाच फेऱ्या न थांबता लढतो, याचं लोकांना नवल वाटे. १३ जून २०१५ रोजी त्याची फॅब्रिसिओ व्हेर्डुम या ब्राझीलच्या खेळाडूशी लढत होती, मेक्सिको सिटीत.

आता नकाशा काढा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर आहे. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी जवळजवळ सहाशे मीटर चढा आणि मग लढा! तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम पाऊणपट. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी. शरीर याच्याशी जुळवून घेतं, तांबड्या पेशी वाढवतं, पण त्याला आठवडे लागतात. व्हेर्डुम कितीतरी आठवडे आधीच मेक्सिकोत उंचावर मुक्कामाला गेला आणि तिथेच सराव करत राहिला. व्हेलास्केझ त्यामानानं उशिरा पोहोचला. शिवाय दुखापतींमुळे तो ऑक्टोबर २०१३ नंतर लढलेलाच नव्हता. पहिल्या फेरीत तो नेहमीसारखा तुटून पडला. दुसऱ्या फेरीत पाय जड झाले. तिसऱ्या फेरीत व्हेर्डुमनं मानेची पकड घातली आणि लढत संपली. 'कार्डिओ केन'चा दम संपला, यावर बघणाऱ्यांचा विश्वास बसेना!

काय शिकायचं यातून? दम म्हणजे एकदा मिळालं आणि कपाटात ठेवून दिलं, असं काही नसतं. तो प्रत्येक जागी, प्रत्येक हंगामात नव्यानं कमवावा लागतो. कमावला तर येतो, सोडला तर जातो. तालमीतल्या वस्तादांना हे पुस्तकं न वाचताही ठाऊक असतं. म्हणून तर मैदान गाजवून आलेला पैलवानही दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मेहनतीला उभा राहतो.

आणि दमाचा आणखी एक भाग असतो. संपलेला दम किती लवकर भरून येतो? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तिथे एक लांबलेली कुस्ती संपल्यावर त्यांना पुरेशी विश्रांतीही मिळाली नाही आणि लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं, ही हकिगत तुमच्या आजोबांच्या पिढीनं पुष्कळदा हळहळत सांगितलेली आहे. विश्रांतीचा अर्धा तास म्हणजे काय चीज असते, हे आता तुम्हाला कळेल. त्या वेळात तिसरं दुकान पहिल्या दोघांत माल भरत असतं!

आता आपल्या मित्राकडे येऊ.

मित्रा, तुला धाप का लागते? तुझ्यात 'दमच नाही' हे उत्तर सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात.

पहिली गोष्ट वयाची. आठवीच्या वर्गावर एक नजर टाक. कुणाला मिसरूड फुटलंय, कुणाचा आवाज अजून बारीक आहे. जन्मसाल एकच, पण शरीराचं घड्याळ प्रत्येकाचं वेगळं. ज्याची वाढ आधी सुरू झाली, त्याचं हृदय मोठं, स्नायू मोठे, रक्तही जास्त. तो आज पुढे असणारच. त्यावरून दोन वर्षांनंतरचा निकाल आज लावता येत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. मघाशी एरोनांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त होतं म्हणालो ना? आपल्याकडे नेमकं उलट आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के जणांत हिमोग्लोबिन कमी आढळलं. जरा विचार करा! किती मुलामुलींना 'आळशी', 'नाजूक', 'दम नाही' अशी नावं पडली असतील आणि कमी फक्त लोह असेल! शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर ती खिडकीबाहेर फेकू नका, गिळा! जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. भाजी-आमटीवर लिंबू पिळा, ते मदत करतं.

तिसरी गोष्ट छातीची. पळताना किंवा पळून झाल्यावर छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का? खोकल्याची उबळ येते का? मग तो दमा असू शकतो. नाव सारखं असलं तरी हा दम वेगळा! डॉक्टरांच्या औषधानं तो ताब्यात राहतो आणि दमा असलेले कितीतरी खेळाडू ऑलिम्पिकपर्यंत पोहोचले आहेत. धावताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र आधी डॉक्टर, मग मैदान.

हे तिन्ही पाहून झालं, की कमाईला लागायचं. कसं? लिहून घ्या.

आठवड्यातून चार दिवस वीस मिनिटं पळा, पण इतक्याच वेगानं, की शेजारच्या मित्राशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा, लाजायचं कारण नाही. हळू पळण्यानंच तिसरं दुकान वाढतं. हृदयाची पोकळी मोठी होते आणि एका ठोक्यात जास्त रक्त जातं. तीन-चार आठवड्यांनी त्यात भर घाला. एक दिवस तीस सेकंद जोरात आणि मग दीड मिनिट चालत, असं सहा वेळा. तीस सेकंदच का? कारण कबड्डीतली चढाई तेवढ्याच वेळाची असते! झोप पुरेपूर हवी, कारण शरीराची दुरुस्ती झोपेतच होते. आणि मॉरिस स्मिथकडून एक गोष्ट शिका. गरज नसताना ताकद घालवायची नाही. पकडीला उभं असताना मुठी आणि खांदे आवळून ठेवलेत, तर दम फुकट जातो.

प्रगती मोजायची कशी? सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मनगटावर बोटं ठेवून एक मिनिट नाडी मोजा. नंतर एखाद्या दिवशी घराच्या पायरीवर तीन मिनिटं चढ-उतर करा. थांबल्याबरोबर पंधरा सेकंद नाडी मोजून चारनं गुणा. एक मिनिट शांत बसा आणि पुन्हा तशीच मोजा. या दोन आकड्यांतला फरक वहीत लिहा. दर रविवारी हेच करा. दम वाढू लागला की नाडी लवकर खाली येते आणि फरकाचा आकडा मोठा होत जातो. शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नका. तुमची शर्यत तुमच्या मागच्या रविवारशी आहे.

पालकांसाठी आणि सरांसाठी दोन शब्द. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी एक तास अंग हलवणारा खेळ खेळावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संघात नाव असो वा नसो, हा तास मुलाच्या हक्काचा आहे. बाकावर बसवलेल्या मुलाचा दम बाकावर बसून वाढणार नाही. आणि 'ह्याच्यात दमच नाही' हे वाक्य तोंडावर येईल तेव्हा आधी विचारा, याचं रक्त तपासलंय का? याला आठ आठवडे नीट पळवलंय का?

शेवटी मार्क कोलमनचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच! १९९७ च्या त्या हारीनंतर लागोपाठ आणखीही काही लढती तो हरला. पण मैदान सोडलं नाही. १ मे २००० रोजी टोकियोत एका मोठ्या स्पर्धेची अंतिम रात्र होती. एकाच रात्री तीन लढती! पहिली पूर्ण पंधरा मिनिटं चालली. दुसऱ्या लढतीतल्या प्रतिस्पर्ध्यानं दुखापतीमुळे लगेच माघार घेतली, हे त्याचं नशीब. पण अंतिम लढत पुन्हा लांबली, दुसऱ्या फेरीत गेली, आणि जिंकला तो कोलमन. वय ३५. १९९७ साली मॉरिस स्मिथ होता, बरोबर तेवढंच! मार्च २०२४ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, ओहायोत त्याच्या आई-वडिलांच्या घराला आग लागली. कुत्र्यानं त्याला जागं केलं. त्यानं धुराने भरलेल्या घरातून आईला आणि वडिलांना, दोघांनाही बाहेर काढलं. मग कुत्र्यासाठी पुन्हा आत गेला, पण तो वाचला नाही. कोलमन स्वतः काही दिवस रुग्णालयात अत्यवस्थ होता आणि मग त्यातून बरा झाला. भर मैदानात दम संपलेला माणूस म्हणून ज्याला लोक हसले होते, त्याचा हा दम!

तेव्हा मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: थोडा दम जन्माचा, बराचसा कमाईचा आणि उरलेला जपून खर्च करण्याचा. जन्माचा किती मिळालाय ते आज ना तुला ठाऊक, ना सरांना, ना चुलतभावाला. कमावायला लागल्याशिवाय ते कळतच नाही. उद्या सरावाला जा. आणि आठ रविवारांचे आकडे मला पाठव.

बाकीच्यांनीही पाठवा, बरं का! पुढच्या आठवड्यात पाहू, पळताना पोटात बारीक कळ का येते? तोवर, वही आणि नाडी!